गळा एक, गाणी अनेक!

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूर नावाचे उपनगर आहे. हे नाव वाचताना मराठी माणूस अडखळत नाही. ‘ळ’ तर आपल्या घरचाच! दिल्लीकडून नोकरीसाठी आलेला इंजिनीअर मात्र त्याचे बिनदिक्कत ‘शोलिंगनल्लूर’ करून टाकतो आणि शेजारी उभा असलेला मराठी माणूस गालातल्या गालात हसतो. पण हे हसू फार काळ टिकत नाही. कारण त्या नावातला ‘ळ’ हा आपला ‘ळ’ नव्हेच! तमिळमध्ये ‘ल’च्या कुळातली तीन अक्षरे आहेत. एक साधा ‘ल’, दुसरा आपल्यासारखा ‘ळ’ आणि तिसरे अक्षर असे, की ज्याला आपल्या मुळाक्षरांत जागाच नाही. जीभ मागे वळवायची, टाळूजवळ न्यायची, पण टेकवायची नाही. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तेच अक्षर आणि शोळिंगनल्लूरच्या पोटातही तेच. इंग्रजीत ते ‘झेड’ आणि ‘एच’ जोडून लिहितात, म्हणून तर आपल्या वर्तमानपत्रांत केरळातल्या कोळिकोडचे ‘कोझिकोड’ झाले!

बोलताना हे सगळे चालून जाते. खुद्द चेन्नईतही कितीतरी लोक या अक्षराचा सरळ ‘ळ’ करतात. गाताना मात्र ते चालत नाही. सूर कितीही गोड लागलेला असो, ते अक्षर चुकले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडतेच. एकच गायक शास्त्रीय, सिनेमा, पॉप, गझल, लावणी असे सगळे कसे काय गाऊ शकतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर अशा एखाद्या अक्षरात दडलेले असते.

शोळिंगनल्लूरच्या एका मराठी घरात हा प्रश्न गेले वर्षभर गाजतो आहे. हे गाव आता सॉफ्टवेअरचे झाले आहे. एका अंगाला बकिंगहॅम कालवा, त्यापलीकडे ईस्ट कोस्ट रोड आणि समुद्र. दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या काचेच्या इमारती. 2011 साली हा भाग चेन्नई महापालिकेत आला आणि पुण्या-नाशिकची, सांगली-साताऱ्याची कितीतरी बिऱ्हाडे इथल्या उंच इमारतींत थाटली गेली. या घरातली मुलगी आठवीत आहे. आठवड्यातून दोन दिवस ती खालच्या मजल्यावरच्या मामींकडे कर्नाटक संगीत शिकते. (चेन्नईत शेजारच्या मोठ्या बाईला ‘मामी’ म्हणायचे. आपल्या ‘काकू’सारखेच.) शनिवारी संगणकासमोर बसून पुण्याच्या बाईंकडून यमन आणि भूप घोटते. आणि शाळेच्या बॅण्डमध्ये इंग्रजी पॉप गाते. सांगलीला असलेल्या आजीला हे मुळीच पसंत नाही. “एक ना धड, भाराभर चिंध्या! गळा म्हणजे काय धर्मशाळा आहे का गं?” असे आजी फोनवर ऐकवते. मामींचेही म्हणणे फारसे वेगळे नाही. फक्त त्या ते इंग्रजीतून सांगतात. आईवडिलांची मात्र पंचाईत झाली आहे. मुलीचा गळा चांगला आहे, हे सगळ्यांनाच मान्य. मग तो एकाच वाटेने न्यायचा की मोकळा सोडायचा?

अशी घरे आज पुष्कळ आहेत. याला थोडीफार टीव्हीही कारणीभूत आहे. 1995 साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, तेलुगूत एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा ‘पाडुता तीयगा’ आला. पुढे मराठीत ‘लिटल चॅम्प्स’ने तर घराघरांत वेड लावले. या कार्यक्रमांनी आपल्याला एक नवा शब्द दिला. व्हर्सटाइल! सोमवारी लावणी, मंगळवारी कव्वाली, पुढच्या आठवड्यात रॉक. जो सगळ्यांत पास तो ‘व्हर्सटाइल सिंगर’. शब्द सोपा झाला, पण म्हणजे नेमके काय, हे विचारायचे राहूनच गेले.

पहिला गैरसमज सप्तकांचा. ‘अमक्या गायकाचा गळा चार सप्तके फिरतो’ अशी वाक्ये कौतुकाने सांगितली जातात. जणू जितका जिना उंच तितके घर मोठे! या बाबतीत एक उदाहरण तर आपल्या पाचगणीचेच आहे. फारुख बुल्सारा नावाचा एक पारशी मुलगा 1950 च्या दशकात झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तिथे पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बॅण्ड काढला. पुढे इंग्लंडला गेला आणि ‘क्वीन’ या बॅण्डचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. रॉक, डिस्को, जुन्या नाट्यगृहांतल्या ढंगाची गाणी, गॉस्पेल, असे काय काय तो गायला! 1988 साली तर स्पेनच्या ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर त्याने अख्खा अल्बम काढला. त्याच्याही चार सप्तकांची आख्यायिका आहे. 2016 साली युरोपातल्या काही संशोधकांनी त्याच्या उपलब्ध ध्वनिफितींची तपासणी केली. चार सप्तकांचा पुरावा काही त्यांना मिळाला नाही. बोलताना त्याचा आवाज साधारण मध्यम-खर्जाच्या पुरुषाचा होता. गाताना मात्र तो त्याच आवाजाने वरच्या पट्टीत हिंडायचा. सुराला जे कंपन देतात, ते पाश्चात्त्य गायकांत सेकंदाला पाच-सहा वेळा असते. याचे सातच्या आसपास होते. आणि गरज पडली की तो आवाजाला एक मुद्दाम खरखरीत किनार लावायचा. म्हणजे जादू जिन्याच्या उंचीत नव्हती. एकाच खोलीत दिवे बदलून ती वेगळी दाखवायची, हे त्याला जमले होते.

हे दिवे बदलणे म्हणजे काय, ते समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही. गळ्यात स्वरतंतूंच्या दोन चिमुकल्या घड्या असतात. पाश्चात्त्य वाद्ये ज्या स्वरावर जुळवतात, त्या स्वरासाठी त्या सेकंदाला 440 वेळा एकमेकींना भेटतात. पण तिथून निघतो तो नुसता गुंजारव. त्याला ‘आवाज’ बनवतात घसा, जीभ, टाळू, जबडा आणि ओठ. जिभेचे मूळ थोडे दाबले, ओठ गोल केले, जबडा सैल सोडला, की तोच सूर वेगळा वाटतो. छातीत घुमणारा जाड आवाज, डोक्यात घुमणारा बारीक आवाज आणि दोघांची सरमिसळ, यातले काय कधी वापरायचे हे प्रत्येक संगीताने आपापल्या गरजेनुसार ठरवले. आपल्या संगीत नाटकांच्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तोही माइकशिवाय! तेव्हा खडा, फेकलेला आवाज हवाच. 1920 च्या दशकात विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि कानात कुजबुजल्यासारखे गाणे शक्य झाले. बिंग क्रॉस्बीसारखे अमेरिकन गायक त्याच्यावरच मोठे झाले. आपले भावगीतही माइकचेच अपत्य म्हणायला हरकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. इतका सगळा मालमसाला असताना सगळेच गायक सगळे का गाऊ शकत नाहीत? याचे उत्तर शंकर महादेवन यांच्या गाण्यात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कुठे दिसत असेल. शोळिंगनल्लूरच्या घराला तर हे उदाहरण दुप्पट जवळचे. घर तमिळ, पण मुलगा वाढला चेंबूरला. मराठी अगदी आपल्यासारखे. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचे आणि सुरुवातीची नोकरी सॉफ्टवेअरची! लहानपणी त्यांनी आधी हातात वीणा धरली, मग टी. आर. बालामणी यांच्याकडे कर्नाटक गायन शिकले आणि श्रीनिवास खळ्यांकडे हिंदुस्थानी ढंगाचे, भावगीताचे गाणे. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या मामी आणि पुण्याच्या बाई, दोन्ही त्यांच्याही वाट्याला आल्या होत्या!

1998 साली ‘ब्रेथलेस’ आले आणि शंकर महादेवन हे नाव रातोरात घरोघरी पोचले. जावेद अख्तर यांनी लिहिलेले, जवळजवळ तीन मिनिटे कुठे विश्रांतीच न घेणारे गाणे. ‘हा माणूस श्वासच घेत नाही’ अशा पैजा तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यांवर लागत. अर्थात तीन मिनिटे एका श्वासात कुणालाच गाता येत नाही. कमाल निराळीच आहे. कर्नाटक संगीतात अगदी पहिल्या धड्यापासून तीच स्वरावली एकपट, दुप्पट आणि चौपट लयीत गाऊन घेतात. या धड्यांना ‘सरळी वरिसै’ म्हणतात आणि त्यांचे श्रेय पंढरीच्या विठ्ठलाचे भक्त असलेल्या पुरंदरदासांना दिले जाते. वर्षानुवर्षे हे केलेल्या गळ्याला अक्षर न सांडता धावायची सवय होते. ‘ब्रेथलेस’ची तयारी अशा धड्यांतली. शब्द मात्र उर्दू वळणाचे, चाल पॉपची.

आणि यातली खरी गंमत ‘ब्रेथलेस’मध्ये काय नाही, यात आहे. त्यात गमक जवळपास नाही! कर्नाटक गायकाचा सूर सहसा एका जागी उभा राहत नाही. तो शेजारच्या सुराला हात लावून येतो, हलतो, झुलतो. ते त्या संगीताचे प्राणतत्त्व आहे. हिंदुस्थानी गायक त्याच सुरावर मिंडेने घसरत येतो, मग तिथे स्थिर उभा राहतो. पॉप गायकाला तो सूर बहुधा सरळ हवा असतो आणि वाक्य संपता संपता किंचित थरथर. म्हणजे गंधार एकच, पण त्याला उभे राहायच्या तीन तऱ्हा. ज्याने पंधरा वर्षे सूर हलवायला शिकले, त्याला तो न हलवता गायला सांगा. डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताने लिही म्हणण्यातलाच हा प्रकार! शंकर महादेवन गमक गाळू शकतात, आणि पुढच्याच गाण्यात परत आणू शकतात. ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ या तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी त्यांना ए. आर. रहमान यांच्या संगीतात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘अगं बाई अरेच्चा’ (2004) मध्ये ते अजय-अतुलकडे मराठी गायले. 2015 साली ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात त्यांनी पंडित भानुशंकरांची भूमिका केली आणि त्यातले गाणेही गायले. आणि इकडे जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’तही ते होते. त्या चमूच्या ‘धिस मोमेंट’ला 2024 साली ग्रॅमी मिळाले. प्रत्येक ठिकाणी आवाज त्यांचाच, ओळखू येणारा. बदलतो तो फक्त गळ्याचा रिवाज.

म्हणजे काय काय येते यापेक्षा, काय बाजूला ठेवता येते, यावर गायकाचे बहुरंगीपण ठरते. येणे हे रियाजाचे काम आहे. बाजूला ठेवणे जास्त अवघड, कारण सवय झालेली हरकत गळ्यातून आपोआप निघते, गायकाला ती ऐकूही येत नाही.

आशा भोसले यांचे उदाहरण इथे टाळता येणारच नाही. कॅबरे, लावणी, नाट्यगीत, बालगीत, पॉप, असे त्यांनी काय गायले नाही? तरीही त्यांच्या कारकिर्दीतला मोलाचा प्रसंग बदलाचा नसून आवरण्याचा आहे. ‘उमराव जान’ (1981) साठी संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावले. वरच्या पट्टीतला तो लखलखता, खट्याळ आवाज हीच तर आशाताईंची ओळख! तोच काढून घेतल्यावर उरणार काय, ही शंका कुणालाही आली असती. उरले ते लखनौच्या कोठीवरचे थकलेले, अदबशीर दुःख. त्या गाण्यांनी आशाताईंना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पुढे याच आवाजाने चेन्नईतही हजेरी लावली. 1987 साली इळैयराजांकडे, नंतर रहमान यांच्या ‘इरुवर’ (1997) आणि ‘अलैपायुदे’ (2000) मध्ये त्या तमिळ गायल्या. ‘अलैपायुदे’त तर त्यांच्यासोबत शंकर महादेवनच होते. सांगलीच्या मातीतला आवाज आणि चेंबूरचा तमिळ मुलगा, दोघे मिळून तमिळ गाणार. याहून चांगली जुगलबंदी कोणती!

यावर एखादा वाचक म्हणेल, की या सगळ्यांना लहानपणापासून शिक्षण मिळाले. ज्यांना मिळाले नाही त्यांनी काय करायचे? त्याचे उत्तर चेन्नईनेच दिले आहे. एस. पी. बालसुब्रमण्यम इंजिनीअरिंग शिकत होते, शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण त्यांचे झालेले नव्हते. अशा गायकाच्या पुढ्यात 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘शंकराभरणम्’ येऊन पडला. गोष्टच मुळी कर्नाटक संगीताच्या एका कडव्या विद्वानाची! संगीतकार के. व्ही. महादेवन यांचे सहायक पुहळेंदी यांनी एसपींकडून ती गाणी अक्षरशः घटवून घेतली. या चित्रपटाने एसपींना राष्ट्रीय पुरस्कार दिला. त्यानंतर ‘एक दुजे के लिए’ (1981). मुंबईतल्या मंडळींना शंका होती, की या ‘मद्रासी’ उच्चारांना हिंदी गाणे झेपेल का? दिग्दर्शक के. बालचंदर यांचा युक्तिवाद साधा होता. नायकच तमिळ मुलगा आहे, मग उच्चारात थोडा तमिळ वास आला तर बिघडले कुठे? त्यावरही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 च्या ‘मैंने प्यार किया’पर्यंत तो वासही उरला नव्हता. एसपींना चार भाषांमध्ये मिळून सहा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 25 सप्टेंबर 2020 रोजी त्यांचे चेन्नईत निधन झाले.

तमिळ गायकाला हिंदी का अवघड जाते, हेही लक्षात घ्यायला हवे. तमिळ लिपीत ‘क, ख, ग, घ’ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. ज्याने लहानपणी ‘ख’ आणि ‘घ’ वेगळे घोटलेच नाहीत, त्याला ते ऐकू येण्यापासून सुरुवात करावी लागते. मराठीही बाहेरच्यांना काही कमी छळत नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ वेगळा, ‘जग’ आणि ‘जन्म’ यांतला ‘ज’ वेगळा, आणि लिहिताना मात्र सारखे! मराठी गाणारा परप्रांतीय गायक पकडला जातो तो बहुधा इथेच. ‘जोगवा’मधल्या गाण्यासाठी हरिहरन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातही मराठी उच्चारांचा वाटा मोठा. हरिहरनही मुंबईकरच. आईकडून कर्नाटक, उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडून हिंदुस्थानी, मग गझल, आणि 1996 साली लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘कलोनियल कझिन्स’. माटुंगा-चेंबूरच्या त्या पट्ट्यात पाण्यातच काही असावे! अभंग गाणाऱ्या अरुणा साईराम, रंजनी-गायत्री या चेन्नईच्या नामवंत कर्नाटक गायिकाही मुंबईच्याच हवेत वाढल्या. शिवाय तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून अभंगाने तिकडे मुळे धरलेली आहेतच.

नक्कल मात्र या सगळ्यातून वजा करायला हवी. हुबेहूब रफी, हुबेहूब किशोर हे कसब मोठे आहे, पण ते निराळे कसब. सोनू निगम यांचेच पाहा. सुरुवातीला रफींची गाणी गाऊन त्यांनी नाव कमावले आणि मग ‘रफीचा आवाज’ हीच ओळख त्यांना जाचायला लागली. 1997 चा ‘परदेस’ आणि 1999 चा ‘दीवाना’ हा अल्बम आला, तेव्हा कुठे लोकांना सोनू निगम ऐकू आले.

राहिली आजीची शंका. ती झटकून टाकण्यासारखी मुळीच नाही. ‘सगळीकडे फिरणारा कुठलाच नसतो’ हा आरोप आपल्याकडे फार मोठ्या माणसांनी सोसला आहे. डॉ. वसंतराव देशपांडे अनेक गुरूंकडे शिकले, ठुमरी, लावणी, नाट्यगीत, ख्याल सगळे तितक्याच ताकदीने गायले, आणि त्यांचे घराणे कोणते म्हणून नाके मुरडली गेली. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करता करता उमेदीची किती वर्षे गेली! 1967 साली ‘कट्यार’ रंगभूमीवर आले आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना घराघरांत नेले. घराण्याचा शिक्का नसलेल्या माणसाने रंगवली ती घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या गवयाची भूमिका, हा दैवाचा विनोदच. पण आजीच्या बोलण्यात तथ्य आहे ते असे, की वर आलेल्या नावांपैकी बहुतेकांनी आधी एका ठिकाणी मुळे खोल रुजवली होती. एसपींनी तर एकेका गाण्यापुरती का होईना, शिष्याची मांडी घातली. माहेर पक्के असले की मुलगी चार घरी सुखाने जाऊन येते. माहेरच नसेल तर प्रत्येक घरी ती पाहुणी!

दुसरी शंका आजीने काढली नाही, पण आईवडिलांनी काढायला हवी. ती गळ्याच्या तब्येतीची. छातीचा जाड आवाज जोर लावून वर ओढत गाणे हा आजच्या पॉपचा लाडका प्रकार. नीट शिकवला तर तो निभतो, न शिकता केला तर स्वरतंतूंवर गाठी येतात. अडेल ही इंग्लंडची गायिका ऐन भरात असताना, 2011 साली, तिच्या स्वरतंतूंत रक्तस्राव झाला, कार्यक्रम रद्द करावे लागले आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे मौन पाळावे लागले. ती सावरली. ‘साउंड ऑफ म्युझिक’मुळे आपल्या घरची झालेली ज्युली अँड्र्यूज मात्र 1997 च्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखी गाऊ शकली नाही. ही तर मोठी, कमावलेल्या गळ्याची माणसे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचा गळा अजून घडतच असतो. मुलांचा आवाज तर फुटतो आणि जवळपास सप्तकभर खाली उतरतो. या वयात दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, गाण्यानंतर घसा दुखू लागला, सकाळी नेहमीचा वरचा सूर लागेना, तर आले-मधाचा चाटण करत बसू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तासन्‌तास ओरडून तालीम करून घेणाऱ्या मास्तरांना आईवडिलांनीच नम्रपणे थांबवावे. व्हर्सटाइल व्हायला पुढे सगळे आयुष्य पडले आहे.

शोळिंगनल्लूरच्या घराने तूर्त एक मधला मार्ग काढला आहे. मामींकडचा क्लास नेमाने. पुण्याच्या बाईंचा क्लास पंधरवड्यातून एकदा. बॅण्डमध्ये गाणे सुरू, पण मुलीच्या पट्टीत. मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट नाही. आजीचे समाधान अर्थातच झालेले नाही.

मग नवरात्र आले. तमिळ घरांत तेव्हा पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. संध्याकाळी शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावतात. आलेल्या मुलीबाळींनी एखादे गाणे म्हणायचे, मग हातात प्रसादाचे सुंडल पडणार, अशी रीत! मामींच्या गोलूपुढे बसून मुलीने अभंग म्हटला. आईने मोबाइलवर सांगलीला व्हिडिओ लावून दिला होता. दुसऱ्याच ओळीला गंधार झुलला आणि मोबाइलमधून आजीचा आवाज आला, “अगं, तो हलवू नकोस, उभा ठेव!” मामींना मराठी कळत नाही, पण काय चुकले ते त्यांना अचूक कळले होते. त्यांनी हाताने खूण केली, सरळ. पोरीने तो सूर दुसऱ्या वेळी सरळ उभा केला.

नंतर मामींनी स्वतः एक अभंग म्हटला. आवाज काय सुरेख! फक्त नामाशी येऊन त्या ‘विट्टल, विट्टल’ म्हणत होत्या. गाणे संपल्यावर मुलगी भीत भीत म्हणाली, “मामी, तिथे ‘ठ’ आहे.” वर्षभर या मुलीची जीभ तमिळच्या त्या तिसऱ्या अक्षराशी झटापट करत होती आणि मामी प्रत्येक वेळी ‘परत’ म्हणत होत्या. आता मामींची पाळी. तळहात तोंडासमोर धरून मुलीने दाखवले, वारा इथे लागायला हवा. मामींनी हात तोंडासमोर धरला. एकदा ‘ट’च आला. दुसऱ्यांदा वारा आला, पण सूर गेला. तिकडे सांगलीला आजी चष्मा पुसून मोबाइलच्या जवळ सरकली होती. तिसऱ्या खेपेला दोन्ही जागेवर आले आणि मामी स्वतःवरच खूश होऊन सुंडलचा डबा आणायला आत गेल्या.